पोचिंकीहून बार्शीटाकळीला

एका गेमचा रिव्ह्यू करायला रात्रभर ट्रेनमध्ये बसून जायचं? हो, जायचं! कारण हा गेम कुठल्याच स्टोअरवर मिळत नाही. तो अकोला जिल्ह्यातल्या एका घरात, बाबांच्या फोनमध्ये आहे.

पोचिंकी कुठे आहे, सांगा बघू? सांगाल, नक्की सांगाल! 'पबजी' मार्च २०१८मध्ये मोबाइलवर अवतरला आणि आपल्यापैकी निम्म्या मंडळींनी लंच टाइममध्ये पहिली उडी तिथेच मारली. एरंगेल नावाचं आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचं खोटं बेट आणि त्याच्या मधोमध वसलेलं हे गाव. कुठल्या घरात शिरायचं, कुठल्या खिडकीतून कुठला रस्ता दिसतो, सगळं पाठ. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. जुलै २०२१मध्ये 'बीजीएमआय' या नावानं तो परत आला, तेव्हा पोचिंकीचा पत्ता कुणालाही नव्यानं विचारावा लागला नाही.

आता दुसरा प्रश्न. बार्शीटाकळी कुठे आहे?

"बार्शी ना? सोलापूरजवळ!" चूक. ती बार्शी वेगळी. ही बार्शीटाकळी, अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझ्या शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण तिथली. पुण्यात आल्यावर पहिली दोन वर्षं ती लोकांना हा फरक समजावत होती. मग कंटाळली आणि नुसतं 'अकोला' सांगायला लागली. त्यावर एकानं विचारलं, "अकोले म्हणजे नगर जिल्ह्यातलं का?" तेव्हापासून ती 'विदर्भ' म्हणते आणि विषय बदलते.

तर या मैत्रिणीची भाची. आठवीत आहे. मी गेम्सचे रिव्ह्यू लिहिते हे आत्याकडून तिला कळलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस मेसेज आला. "मावशी, मी एक गेम बनवली. तुमी पाहाले येसान काय?" (वऱ्हाडात गेम स्त्रीलिंगी असतो, हेही तेव्हाच कळलं.) एकोणतीस वर्षांच्या बाईला मावशी म्हटल्याचा धक्का पचवून मी विचारलं, लिंक आहे का? लिंक नव्हती. मग काय, डिसेंबरातला एक लाँग वीकेंड पकडला आणि दोघींनी तिकिटं काढली!

यात्रेचा नवा फंडा

गेमसाठी गावाला जाणं यात तसं नवीन काही नाही. जपानमध्ये अ‍ॅनिमेवेड्यांनी याला एक भारदस्त नाव दिलंय, 'सेइची जुनरेई'. अर्थ सरळ आहे, पवित्र स्थळांची यात्रा. २००७मध्ये 'लकी स्टार' नावाची शाळकरी मुलींची गमतीशीर मालिका टीव्हीवर आली. तिच्यात दाखवलेलं देऊळ सायतामा प्रांतातल्या वाशिनोमिया मंदिरावर बेतलेलं होतं. झालं! पोरं तिथे जाऊन आपल्या लाडक्या पात्रांची चित्रं काढलेल्या लाकडी पाट्या टांगायला लागली आणि दोनेक वर्षांत नववर्षाच्या दर्शनाची गर्दी चार लाखांच्या वर गेली. २०१६च्या 'युअर नेम'नंतर टोकियोतल्या सुगा मंदिराजवळच्या साध्या पायऱ्यांवर फोटोसाठी रांगा लागल्या. 'स्लॅम डंक'मुळे कामाकुराजवळचं एक रेल्वे फाटक जगप्रसिद्ध झालं. हो, फाटक!

चीनमध्ये तर याहून मोठा प्रकार झाला. ऑगस्ट २०२४मध्ये 'ब्लॅक मिथ: वूकाँग' हा गेम आला. त्यासाठी बनवणाऱ्यांनी खरीखुरी जुनी मंदिरं स्कॅन केली होती. गेममध्ये दिसणाऱ्या ३६ ठिकाणांपैकी २७ एकट्या शान्शी प्रांतातली. ज्या देवळांकडे कालपर्यंत अभ्यासक तेवढे जात होते, तिथे हातात गेमचे स्क्रीनशॉट घेतलेली तरुण पोरं येऊन मूर्ती जुळवून बघायला लागली.

आपल्याकडे हे काम सिनेमा करतो. 'स्वदेस' (२००४) बघून वाईजवळच्या मेणवलीचा घाट शोधत गेलेले आपणच, आणि 'सैराट' (२०१६) बघून करमाळ्याला गाड्या वळवलेले पण आपणच. म्हणजे जागा तिथे शेकडो वर्षं असतेच. कुणीतरी तिच्याकडे निरखून बघतं, ते स्क्रीनवर दिसतं आणि मग आपल्याला ती दिसायला लागते. आपल्या वऱ्हाडाच्या वाट्याला हे बघणं जरा कमीच आलंय. म्हणून तर मैत्रीण विषय बदलते!

छोटी लाईन, मोठी लाईन

रात्री पुण्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी अकोला. तिथून बार्शीटाकळी अठरा-वीस किलोमीटर. मंगरूळपीरकडे जाणारी एसटी पकडा किंवा पूर्णा लाईनची पॅसेंजर. ही लाईन २००८मध्ये ब्रॉडगेज झाली. त्याआधी इथून मीटरगेज धावायची. मैत्रिणीच्या घरी तिला अजून 'छोटी लाईन' म्हणतात. गाडी मोठी झाली, नाव छोटंच राहिलं.

आम्ही एसटी घेतली. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या, कपाशीची बोंडं फुटलेली, मधूनच वेचणीला वाकलेल्या बायका. डिसेंबरात वऱ्हाडची हवा म्हणजे फुल एसी! मे महिन्यात मात्र हाच रस्ता तव्यासारखा तापतो. पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कुणाच्याही आग्रहाला बळी पडू नका.

गावाजवळून विद्रुपा नदी वाहते. एवढ्या देखण्या वळणाच्या नदीला हे नाव कुणी दिलं असेल बरं? स्टँडवर उतरलं की मराठी, वऱ्हाडी, हिंदी आणि उर्दू एकाच वाक्यात ऐकू येतात. चहाच्या टपरीवर चार पोरं फोनमध्ये डोकं घालून बसलेली. "अबे भाई, रिवाइव्ह दे ना!" "थांब ना बे, मले झोनमधी तर येऊ दे!" मी कान टवकारले. चौघं पोचिंकीतच होते.

गाव स्वतःला बार्शीटाकळी म्हणत नाही, 'टाकयी' म्हणतं. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. शाळा शाया होते, काळा काया होतो आणि देऊळ देऊय. पुढच्या दोन दिवसांत हा 'य' माझ्याही जिभेवर बसला, अगदी परतीच्या ट्रेनमध्ये मी टीसीला "जागा मियाली" असं सांगेपर्यंत.

एक ठोकळा म्हणजे एक वीत

घरी पोचल्यावर आधी रोडगे आणि वांग्याची भाजी. जेवल्याशिवाय फोन मिळणार नाही, असा आजीचा नियम. तो पाहुण्यांनाही लागू! मग साडेतीन वाजता, बाबा दुकानातून जेवायला आले तेव्हा, त्यांचा फोन अर्ध्या तासासाठी आमच्या ताब्यात आला.

गेम म्हणजे 'माइनक्राफ्ट'. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जग ठोकळ्यांचं बनलेलं. ठोकळे फोडायचे, ठोकळे रचायचे. त्यातल्या 'क्रिएटिव्ह' प्रकारात ठोकळे कधी संपत नाहीत, शत्रू काही करू शकत नाही, हवेत उडताही येतं. २०११मध्ये पूर्ण रूपात आलेला हा गेम २०२३पर्यंत तीस कोटी प्रतींच्या पुढे गेला होता. जगात सर्वाधिक विकला गेलेला व्हिडिओ गेम तो हाच. मैत्रिणीनंच तो भाचीला वाढदिवसाला घेऊन दिला होता.

आणि भाचीनं त्यात बांधलं होतं गावातलं कालंका देवीचं देऊळ.

माइनक्राफ्टमध्ये एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. या मापानं देऊळ बांधलं तर नक्षी राहू दे, पायरीसुद्धा धड होत नाही. भाचीनं यावर काढलेला तोडगा ऐका. "मी म्हनलं, एक ठोकया म्हंजे एक वीत धराची." ती शाळेतून येताना रोज देवळात थांबली. दोरीनं आणि स्वतःच्या विती टाकून जोतं मोजलं, कोपरे मोजले, आडवे थर मोजले. वहीत मांडलं. आणि मग अर्धा-अर्धा तास करत फोनमध्ये रचलं.

याचा परिणाम काय होतो, ते खेळल्याशिवाय कळत नाही. तुमचं गेममधलं पात्र नेहमीच्याच उंचीचं, जेमतेम दोन ठोकळे. पण देऊळ पाचपट मोठं! म्हणजे तुम्ही त्या देवळासमोर उंदराएवढे. पायरी चढायला उडी मारावी लागते. जोत्यावरचा प्रत्येक थर म्हणजे चालायचा कठडा होतो. भिंत जिथे आत वळते तिथे गल्ली होते, बाहेर वळते तिथे चौक. खऱ्या देवळाला प्रदक्षिणा घालायला किती वेळ लागतो? दोन-तीन मिनिटं. या देवळाला मला अकरा मिनिटं लागली, आणि मी तीनच बाजू फिरले. चौथी अजून बांधायची आहे.

"दगड कुठला वापरलास?" मी विचारलं.

"बेसॉल्ट. गेममधी आहे ना तो!"

खरंच आहे. २०२०च्या अपडेटमध्ये माइनक्राफ्टनं बेसॉल्टचा ठोकळा आणला. गेममध्ये तो पाताळात सापडतो. आपल्याकडे तो पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस थिजून झालेला हा काळा पाषाण, सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंत तोच. स्वीडनमध्ये जन्मलेल्या एका गेममध्ये टाकयीच्या पोरीला टाकयीचाच दगड मिळाला!

पण खरी कमाल पुढे आहे. भिंतीवरच्या मूर्ती एवढ्या ठोकळ्यांत होणं शक्य नव्हतं. तिनं त्या केल्याच नाहीत. जिथे जिथे मूर्ती आहे, तिथे तिथे लोकरीचा एक रंगीत ठोकळा लावला. पिवळा म्हणजे ही मूर्ती कुणाची ते कळलं. राखाडी म्हणजे अजून नाही कळलं. आधी सगळ्या भिंती राखाडी होत्या. मग तिनं आजीला विचारलं, शाळेतल्या इतिहासाच्या सरांना विचारलं, दर्शनाला आलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांना विचारलं. एकेक ठोकळा पिवळा होत गेला.

"आता किती राखाडी उरले?"

"लय उरले मावशी. काहीचे तं तोंडंच झिजले ना. कोनालेच नाही वळखू येत."

पबजीत नकाशा आकसत जातो. हिच्या गेममध्ये माहीत नसलेलं आकसत जातं. या कल्पनेला मी मनातल्या मनात उभं राहून टाळ्या वाजवल्या.

हेमाडपंतांच्या आधीचं हेमाडपंती

दुसऱ्या दिवशी सकाळी खरं देऊळ बघायला गेलो. गाईड अर्थातच भाची.

कालंका देवीचं हे देऊळ यादवकाळातलं. इथल्या शिलालेखात शके १०९८ असा काल आहे, म्हणजे इसवी सन ११७६. गावातले सगळे त्याला 'हेमाडपंती' म्हणतात, आपणही म्हणतो. आता जरा हिशेब करा. हेमाद्री पंडित म्हणजेच हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. महादेवराव गादीवर आला तो १२६०-६१च्या सुमाराला. म्हणजे हेमाडपंतांच्या कारभाराच्या ऐंशीहून अधिक वर्षं आधी हे 'हेमाडपंती' देऊळ उभं होतं! शैली आधी आली, नाव मागून चिकटलं. आपलं नाही का तसंच? 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' आपण हंगामा टीव्हीवर वर्षानुवर्षं बघितले ते 'कार्टून' म्हणून. त्याला अ‍ॅनिमे म्हणतात हे कॉलेजात कळलं आणि मग आपण लहानपणापासूनचे अ‍ॅनिमे फॅन झालो.

या बांधणीची खासियत ही की दगड एकमेकांत असे बसवायचे की चुन्याची गरज पडू नये. वजन आणि खाच, एवढ्यावर सगळं उभं. म्हणजे ठोकळ्यावर ठोकळा! भाचीनं नेमका हाच गेम का निवडला असेल, याचं उत्तर भिंतीला हात लावल्यावर मिळालं.

एरवी अशा देवळात मी काय केलं असतं? चपला काढल्या, दर्शन घेतलं, "काय नक्षी आहे ना!" म्हटलं, दोन सेल्फी काढले आणि निघाले. या वेळी तसं जमेना. आदल्या दिवशी याच कठड्यांवरून मी उड्या मारत गेले होते. हा कोपरा आला की पुढे तीन मूर्ती, त्यातली मधली राखाडी, हे डोक्यात बसलं होतं. मी थेट त्या मधल्या मूर्तीसमोर जाऊन उभी राहिले. चेहरा झिजलेला, हातातलं आयुध तुटलेलं. कोण असेल? आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं हिचे डोळे कोरले असतील. तेव्हा गावातल्या शेंबड्या पोरालाही तिचं नाव सांगता आलं असेल.

शान्शीला गेलेल्या त्या चिनी पोरांना काय वाटलं असेल, ते मला टाकयीत कळलं.

गावात खोलेश्वर महादेवाचंही जुनं देऊळ आहे. यादव राजा सिंघण याचा विदर्भातला शूर सेनापती खोलेश्वर, त्याची आठवण करून देणारं नाव. "पुढची लेवल ते आहे," भाचीनं जाहीर केलं. म्हणजे सीक्वेल पक्का!

खेळ की काम?

हे सगळं 'पोरीचं कौतुक' म्हणून सोडून देऊ नका. जगात मोठी माणसं पगार घेऊन हेच करतात. डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्यानं २०१४मध्ये अख्खा देश माइनक्राफ्टमध्ये एकास एक मापानं उभा केला, शाळेतल्या मुलांना भूगोल कळावा म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटनं २०१२मध्ये हा गेम बनवणाऱ्या कंपनीबरोबर 'ब्लॉक बाय ब्लॉक' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात वस्तीतली माणसंच आपलं मैदान, आपला चौक कसा हवा ते ठोकळ्यांत रचून दाखवतात. ज्यांना आर्किटेक्टचा नकाशा वाचता येत नाही, त्यांना ठोकळे वाचता येतात.

आणि पुण्यातच बघा ना. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये 'राजी' आणला. हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढणारी सर्कशीतली मुलगी, राजस्थानी महाल, पहाडी चित्रांचे रंग. जगभर नाव झालं. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४मध्ये 'इंडस' हा बॅटल रॉयल आणला. त्यातली उडी पोचिंकीत नाही, 'विरलोक' नावाच्या देशी कल्पनेच्या जगात मारायची. म्हणजे देशी महाल आले, देशी नकाशे आले. वऱ्हाडातलं एखादं देऊळ यायला हरकत कुणाची आहे? दगड तयार, कोपरे तयार. मोजमाप तर आठवीतल्या मुलीनं घेऊनच ठेवलंय!

बाबांचा फोन

पण आमची वीकेंड ट्रिप जिथे खरी अडली, ती जागा म्हणजे बाबांचा फोन.

बाबांचं बियाणं-खतांचं दुकान. ऑर्डरी, पैसे, शेतकऱ्यांनी पाठवलेले रोगट पानांचे फोटो, सगळं त्याच फोनवर. स्टोरेज फुल. फोन हँग. "सोमवारी अकोल्याले जाऊन सगया साफ करून आनतो," ते शनिवारी जेवताना सहज म्हणाले. भाचीचा घास हातातच राहिला.

तिचं देऊळ फक्त त्या फोनमध्ये होतं. दुसरी प्रत कुठेही नाही.

बाबा वाईट नाहीत हो. त्यांच्या लेखी गेम म्हणजे गेम. ओळखीतल्या कुणाकुणाचे मोबाइलवरच्या रमीत पैसे गेलेले त्यांनी पाहिलेत. "याच्यात पैसे तं नाही ना जात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं की पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे, त्यांच्यावर ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं कायदा करून बंदी घातली. हा प्रकारच वेगळा. त्यांनी मान डोलावली, पण चेहरा पूर्ण पटल्याचा नव्हता.

मग आत्यानं सूत्रं हातात घेतली. "दादा, तू एकदा पाहून तं घे." आणि भाचीनं बाबांना हेडफोन लावून खाटेवर बसवलं.

सुरुवातीला त्यांना चालताच येईना. भिंतीवर आपटत होते, आकाशाकडे बघत होते. मग हळूहळू जमलं. पायऱ्या चढले. कठड्यावरून चालायला लागले. एका राखाडी ठोकळ्यापाशी थांबले.

"हे कोन्ती व?"

"मंडपाच्या मांगची. तुटक्या हाताची."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिले माही आजी साती आसरातली एक म्हने. खरं खोटं मले नाही माहीत." आणि अर्ध्या तासाचा नियम त्यांनी स्वतःच मोडला. साडेपाच वाजले तरी फोन त्यांच्याच हातात! दुकानातून दोनदा पोरगा बोलवायला येऊन गेला.

ठोकळा पिवळा झाला का? नाही. भाची म्हणाली, एकाच माणसानं सांगितलेलं चालत नाही, आणखी कुणीतरी तेच सांगायला पाहिजे. अख्ख्या दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त आवडलेला नियम हाच. तिनं त्या मूर्तीसाठी तिसरा रंग काढला, केशरी. अर्थ: 'पणजी म्हणायची'.

रविवारी सकाळी आम्ही ते जग एक्स्पोर्ट करून माझ्या लॅपटॉपवर घेतलं. एवढं मोठं देऊळ, पण फाइल लग्नातल्या एखाद्या व्हिडिओपेक्षाही लहान. एक प्रत माझ्याकडे, एक आत्याकडे, एक बाबांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतः ठेवून घेतली. फोल्डरला नाव काय द्यायचं यावर थोडी चर्चा झाली. भाचीनं ठरवलं: 'टाकयी'. 'ळ' नाही, 'य'च.

मैत्रीण परतीच्या प्रवासात त्या फाइलमध्येच फिरत होती. समोरच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" ती म्हणाली, "बार्शीटाकळी." "बार्शी का?" "नाही काकू. बघा, दाखवते." आणि तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

आमचा रिव्ह्यू

गेम: टाकयी (अपूर्ण)
ग्राफिक्स: पाचपैकी साडेतीन. मूर्तींच्या जागी रंगीत ठोकळे आहेत, पण तेच तर आकर्षण!
गेमप्ले: पाचपैकी साडेचार. शत्रू नाही, गोळ्या नाहीत, तरी उठावंसं वाटत नाही.
साऊंड: पाचपैकी तीन. हेडफोन काढा, बाहेर खरं गाव ऐकू येतं.
स्टोरी: पाचपैकी पाच. शके १०९८पासून चालू आहे.
उणीव: चौथी भिंत नाही. दिवसाला अर्धा तास या वेगानं उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत होईल, असं डेव्हलपरचं म्हणणं.

जायचं असेल तर

कसं जाल? पुणे-मुंबईहून अकोल्याला रात्रीच्या गाड्या आहेत. अकोल्याहून एसटी किंवा पूर्णा लाईनची रेल्वे.
कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात अजिबात नको!
काय खाल? स्टँडवर तर्री घातलेला आलूबोंडा. कुणाच्या घरी बोलावणं असेल तर रोडगे आणि वांग्याची भाजी. दुसऱ्यांदा वाढायला आले की नाही म्हणू नका.
आणखी काय? याच तालुक्यात महानला काटेपूर्णा धरण आहे, शेजारी काटेपूर्णा अभयारण्य. पक्षी बघायचे असतील तर सकाळी लवकर निघा.
आणि हो: देवळात गेलात तर मूर्तींसमोर जरा थांबा. एखादी ओळखता आली तर गावात कुणाला तरी सांगून या. राखाडी ठोकळे अजून बरेच उरलेत.